आधी प्रश्न थांबवा: छळातून सुटून आलेल्या माणसाला घरात कसं सांभाळायचं

रात्री दोनच्या सुमारास मुलगा पोलीस थान्यातून सुटून घरी आला. ‘पूछताछ’ म्हणून नेलेला, दोन रात्री तिथेच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्यांच्या जुन्या घराच्या बैठकीत नऊ माणसं जागी होती: आई, बाबा, काका, आत्या, शेजारचे भैया, ओळखीचे वकील. ट्यूबलाइट लख्ख. त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि सगळे एकदम सुरू झाले. कुणी मारलं? कशानं? तू काय सांगितलंस? कुणाचं नाव तर नाही ना घेतलंस? त्यानं सगळी उत्तरं दिली. हात गुडघ्यांवर, नजर खाली, ‘जी’, ‘जी, साहब’. घरात जन्मभर मराठी बोललेला मुलगा आईला हिंदीत उत्तरं देत होता.

मी ग्वाल्हेरात समुपदेशनाचं काम करते. ही हकिकत ओळख पटू नये म्हणून बदलून सांगितली आहे, पण ते ‘जी’ खरं आहे. त्या बैठकीतली माणसं प्रेमानंच विचारत होती. मुलाच्या शरीराला मात्र एवढंच कळत होतं की आपण मध्ये बसलो आहोत, उजेड डोळ्यांवर आहे आणि चारी बाजूंनी प्रश्न येताहेत. छळ करणाऱ्याचं मुख्य हत्यार पट्टा नसतो, प्रश्न असतो. कधी झोपायचं, कधी पाणी प्यायचं, कधी लघवीला जायचं, काय बोलायचं, हे सगळं दुसरा ठरवतो. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर घासून पाहा: यानं त्याच्या हातात काही परत येतंय, की आपणच पुन्हा काढून घेतोय?

हे कोठडीतून आलेल्यांपुरतं नाही. आमच्या चंबळच्या बाजूला ‘पकड’ हा शब्द आहे. खंडणीसाठी उचलून बीहडात, म्हणजे चंबळच्या घळींत, ठेवलेला माणूस म्हणजे पकड. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकारानं शेकडो बागींनी, म्हणजे डाकूंनी, शस्त्रं ठेवली, त्याच्या गोष्टी आजही रंगवून सांगतात. पकड होऊन सुटून आलेल्या माणसाची गोष्ट मात्र बहुतेक वेळा त्याच्या घराच्या भिंतीतच राहिली. दंगलीत घेरला गेलेला, जमावानं मारलेला, जातीच्या नावानं सगळ्या वस्तीसमोर झोडपलेला, या सगळ्यांना पुढचं लागू आहे. अपघात किंवा भूकंप सोसलेल्या माणसापेक्षा यांचं दुखणं वेगळं असतं, कारण इथे माणसानं माणसाला हे ठरवून केलेलं असतं. मोडतो तो माणसांवरचा भरवसा.

पहिली रात्र

आधी शरीर. मन नंतर.

मांड्या, कुल्ले, पाठ यांवर खूप मार बसला असेल तर स्नायू आतून फुटतात आणि त्यातला घटक मूत्रपिंडात जाऊन अडकतो. लघवी गडद चहासारखी किंवा कोकाकोलासारखी झाली, कमी झाली किंवा थांबली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल. ‘खूप मार लागलाय, लघवीचा रंग बदललाय, किडनीची तपासणी करा’ हे स्पष्ट सांगा. वरून कातडी फारशी फाटलेली नसते, त्यामुळे घरचे हळद-तेल लावून झोपवतात आणि दोन दिवसांनी मूत्रपिंड बंद पडतं. डोक्याला मार, उलट्या, गुंगी, कानातून पाणी, श्वास घेताना छातीत कळ, यांनाही तोच नियम. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर रात्र काढू नका. काही वेदनाशामकं दुखावलेल्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात.

लैंगिक अत्याचार झाला असण्याची शक्यता असेल तर ७२ तास लक्षात ठेवा. एचआयव्ही टाळण्याचं औषध त्याआधी सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. स्त्रियांसाठी गर्भधारणा रोखणारी गोळीही त्याच वेळी. ‘नक्की काय झालं ते सांग, मग नेतो’ असं म्हणू नका. ‘असं काही झालं असेल तर औषध आहे, मला काही न सांगता तू थेट डॉक्टरांशी बोलू शकतोस’ एवढं पुरे. हे पुरुषांनाही सांगा. कोठडीत पुरुषांवर हे होतं आणि ते वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत, कारण त्यांना विचारणाऱ्याच्या डोक्यातच ती शक्यता नसते.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. बैठक रिकामी करा. एक माणूस जवळ राहील, आणि तो कोण हे सुटून आलेला माणूसच ठरवेल. आईलाच बोलवेल असं नाही. मोठा दिवा लावायचा की बारीक, दार उघडं ठेवायचं की बंद, पलंगावर झोपायचं की जमिनीवर, हे विचारा आणि तो सांगेल तसं करा. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका. समोरून या, नाव घ्या, मग जवळ बसा. ‘आधी पोहे खाशील की आंघोळ करशील?’ हा प्रश्न चालतो, कारण त्यात ज्यासाठी मार खावा लागेल असं कुठलंच उत्तर नसतं. फक्त एक अडचण आहे. तक्रार करायची असेल आणि अंगावर पुरावा असेल, तर आंघोळीआधी तपासणी झालेली बरी. तेही त्याला कारण सांगून, त्याच्या होकारानं.

आणि हे एक वाक्य त्याला सांगा, दिवसातून दोनदा सांगितलंत तरी चालेल: ‘तू घरी आहेस, आज अमुक वार आहे, दार आतून बंद आहे आणि किल्ली तुझ्याकडे आहे.’ किल्ली खरोखरच त्याच्याकडे द्या.

पहिले तीन दिवस: कागद

मनाच्या आधाराच्या लेखात कागद कशाला, असं वाटेल. मला वाटतं निम्मा आधार तिथेच आहे. ‘असं काही झालंच नाही’ असं समोरचा म्हणणार असतो. चार दिवसांनी वळ फिके पडतात आणि मग माणूस स्वतःच्या आठवणीवरच शंका घ्यायला लागतो.

जखमांचे फोटो रोज काढा. मुका मार पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निळा-काळा वर येतो. प्रत्येक जखमेचे दोन फोटो: एक लांबून, शरीराचा कोणता भाग ते कळेल असा, दुसरा जवळून, बाजूला फुटपट्टी ठेवून. तळपायांचे विसरू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ते कुबट होऊन पुरावा खराब होतो. फोटो काढण्याआधी विचारा. आणि ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मी हे होताना पाहिलं आहे. एका मुलाचे उघड्या पाठीचे फोटो पुण्यातल्या मामांपर्यंत पोचले होते आणि त्याला ते लग्नात कळलं.

डॉक्टरांना मेडिको-लीगल, म्हणजे कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येईल अशी, नोंद करायला सांगा. छळाची वैद्यकीय नोंद कशी करावी याचा आंतरराष्ट्रीय नमुना आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल. तो १९९९ चा, २०२२ मध्ये सुधारलेला. त्यातला तुमच्या कामाचा मुद्दा असा, की डॉक्टरनं नुसतं ‘उजव्या मांडीवर वळ’ लिहून थांबू नये. तो वळ माणसानं सांगितलेल्या हकिकतीशी किती जुळतो, हेही लिहावं. तसं लिहून मागायला संकोच करू नका. अटक दाखवलेली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. दर ४८ तासांनी तपासणी, नातेवाइकाला कळवणं, अटकेचा पंचनामा या गोष्टी सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या डी. के. बसू निकालातच घालून दिल्या. डिसेंबर २०२० मध्ये थान्यांत सीसीटीव्ही लावून त्याचं चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपण्याचा आदेश त्याच न्यायालयानं दिला. म्हणून ‘अमुक तारखेचं चित्रण जपून ठेवा’ असा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या.

तक्रार करायची की नाही हा निर्णय त्याचा. घाई नसली तरी मुदत माहीत हवी: मानवाधिकार आयोग साधारणपणे घटनेपासून एका वर्षाच्या आतलीच तक्रार घेतो. राज्याचा आयोग भोपाळला आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. कोठडीतला माणूस, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि जातीय दंगलीचे बळी यांना ही मदत मोफत मिळते. पुढाऱ्याकडे किंवा पत्रकाराकडे न्यायची घाई झालेले काका प्रत्येक घरात असतात. त्यांना थांबवणं हे तुमचं काम.

पहिला महिना

झोप उडेल. डोळा लागलाच तर ओरडून उठेल. बुलेटचा आवाज, बुटांची टाच, विशिष्ट अत्तर, पानमसाल्याचा वास, अशा कशानंही तो क्षणात पुन्हा त्या खोलीत जाईल. चिडेल, आणि बहुतेक घरातल्या सगळ्यात निरुपद्रवी माणसावर. काहीच न वाटणं, बधिर होणं हेही त्यातलंच. अनेकांचं हे पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू उतरतं. म्हणून या काळात कुणी ‘सगळं एकदा बोलून टाक, मोकळा होशील’ म्हणून बसवू नये. ताज्या घटनेनंतर एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं नको म्हणून सांगितली आहे. तिच्याच २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात ‘विचारा’ नाही.

स्वतःहून बोलला तर ऐका. ‘मग?’ म्हणू नका. मध्ये थांबला तर थांबू द्या. आणि ‘तू नाव का सांगितलंस’ हे कधीही, भांडणातसुद्धा, तोंडातून काढू नका. कबुली दिली, मित्राचं नाव घेतलं, पाय धरले, याची लाज माराच्या वेदनेपेक्षा जास्त टिकते. इथे मला कायदा उपयोगी पडतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहिलं आणि आजच्या साक्ष अधिनियमातही कलम २३ मध्ये ते कायम आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारलाही ठाऊक होतं की मारानं माणूस काहीही बोलतो. हे मी एका पस्तिशीच्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे हे सगळ्यांचंच होतं.’

तो भूतकाळात खेचला गेला तर काय करायचं? आवाज खाली आणा, लांब उभे राहा, हात लावू नका. नाव घ्या, तारीख सांगा, जागा सांगा. पाय जमिनीला टेकवायला सांगा. तळपायांवर मारलं असेल तर हे सांगू नका, त्याऐवजी हातात गार पाण्याचा तांब्या द्या. मग श्वास, पण ‘खोल श्वास घे’ म्हणू नका. पाण्यात बुडवलेल्या किंवा तोंड दाबलेल्या माणसाला खोल आत घेतलेला श्वासच घाबरवतो. भर सोडण्यावर हवा. ग्वाल्हेरात गाणं शिकलेलं कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत असतं. खर्जाचा ‘सा’ धरून ठेवतात तसा लांब, हलका आवाज सोडायचा, आत घेणं आपोआप होतं. ज्याला रामरक्षा पाठ आहे त्यानं ती सावकाश, मोठ्यानं म्हणावी. ज्याचा देवावरचा विश्वास त्या खोलीतच संपला त्याला मात्र आग्रह करू नका.

दिवाळीचे फटाके, गणपतीचे ढोल, उन्हाळ्यात अचानक गेलेली वीज: यांची आगाऊ कल्पना द्या. ‘आज संध्याकाळी मिरवणूक आहे, मागच्या खोलीत बसायचं का?’ अचानकपणा काढला की अर्धी भीती जाते.

दोन गोष्टी विचारल्याशिवाय घराबाहेर काढा. आमच्या भागात गव्हाच्या कोठीत कीड लागू नये म्हणून सल्फासच्या विषारी गोळ्या असतात आणि बऱ्याच घरांत परवान्याची बंदूक. दोन्ही नजरेआड असून भागत नाही. गोळ्या दुसऱ्याच्या घरी, बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा थान्यात जमा. घरातल्या माणसाला त्याच थान्यात जाणं शक्य नसेल, तर विक्रेत्याकडेच. या लेखात मी सतत ‘त्याला ठरवू द्या’ म्हणते आहे, इथे मात्र नाही. आणि सरळ विचारा: ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्यानं विचार मनात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि २४ तास चालतो. प्रसंग निकराचा असेल तर थेट इमर्जन्सीत न्या.

झोपेच्या गोळीचा एक धोका सांगते. ओळखीच्या मेडिकलवरून अल्प्राझोलामची पट्टी आणणं आपल्याकडे फार सोपं आहे. ती पहिल्या रात्री बरी वाटते आणि सहा महिन्यांनी सुटत नाही, मूळ भीती तशीच राहते. दारूचंही तेच.

डॉक्टरांकडे कधी, आणि जाताना

महिना उलटूनही स्वप्नं, दचकणं, टाळाटाळ आहे, काम-जेवण-झोप बसलेली नाही, तर मानसोपचार हवा. जयारोग्य रुग्णालय आणि गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहेच, शिवाय ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा. ‘आरोग्यशाळेत पाठवू’ हा आमच्याकडे चेष्टेचा शब्द, म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आग्रा, रांची आणि ग्वाल्हेरच्या संस्था राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या देखरेखीखाली दिल्या, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं. बाह्यरुग्ण विभागात दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे, हे घरच्या मोठ्यांना आधी समजावा.

हॉस्पिटल हीसुद्धा छळाची आठवण करून देणारी जागा असते. दारावरचा खाकीतला गार्ड, लांब कॉरिडॉर, नाव पुकारेपर्यंत बाकावर बसून राहणं. विजेचे झटके दिलेल्या माणसाच्या छातीला न सांगता ईसीजीच्या वायरी चिकटवल्या तर तो टेबलावरून उडी मारतो. दंतवैद्याची खुर्ची, एमआरआयची नळी, डोळ्यांवर टॉर्च, हे सगळं त्यातलंच. तुम्ही आधी जाऊन नर्सला दोन वाक्यं सांगा: ‘यांना मारहाण झालेली आहे. हात लावण्याआधी काय करणार ते सांगाल का?’ कारणाचा तपशील द्यायची गरज नाही. एकदा एका खासगी दवाखान्यात मी हे सांगितलं तर तिथली बाई म्हणाली, ‘यहाँ सबको जल्दी है.’ आम्ही उठून दुसरीकडे गेलो. उठून जाता येतं, हे त्या दिवशी त्या माणसालाही दिसलं.

औषधं आणि बोलण्याचे उपचार, दोन्ही असतात. नैराश्याची म्हणून ओळखली जाणारी काही औषधं इथेही देतात. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, मध्येच बंद करू नयेत. बोलण्याच्या उपचारांत एक पद्धत मला विशेष पटते. जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या मानसशास्त्रज्ञांनी ती बसवली. जमिनीवर दोरी पसरायची, ती म्हणजे आयुष्य. चांगल्या प्रसंगांना फुलं, वाईटाला दगड. मग जन्मापासून क्रमानं चालत यायचं. छळाच्या आठवणीला ना तारीख असते ना शेवट. दोरीवर ठेवल्यावर तिला दोन्ही मिळतात आणि तिच्या आधी-नंतर फुलंही होती हे दिसतं. हे घरी करून पाहायचं नाही. प्रशिक्षित माणूसच हवा.

दुसरी पद्धत साक्षीची. पिनोशेच्या हुकूमशाहीतल्या चिलीत मानसशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की माणूस आपली हकिकत नोंदवतो तेव्हा ती एकाच वेळी उपचारही ठरते आणि पुरावाही. पुढे डॅनिश मानसशास्त्रज्ञ इंगर ॲगर आणि वाराणसीची मानवाधिकार जननिगराणी समिती यांनी ती आपल्याकडे बसवली. साधारण दोन बैठकांत हकिकत लिहून काढायची, वाचून दाखवायची, त्याला हवं ते त्यानं बदलायचं. मग गावातल्या चार माणसांसमोर, मानानं, तो कागद त्याच्या हातात द्यायचा. थान्यात सही करून घेतलेल्या बयानाच्या बरोबर उलट.

भाषेचं काय? आमच्याकडे हा प्रश्न खरा आहे. मार हिंदीत बसलेला असतो, शिव्या हिंदीत, डॉक्टर हिंदीत बोलणारे. काहींना त्यामुळे मराठीतच बोलायचं असतं, ती आईची, सुरक्षित. काहींना उलट. एक काकू म्हणाल्या होत्या, ‘हे मी मराठीत बोलले तर घरात येईल.’ तेव्हा भाषा त्याला निवडू द्या. आणि दुभाषी म्हणून बायकोला, मुलाला बसवू नका. मुलीसमोर बाप खरं सांगणार नाही, आणि सांगितलंच तर मुलगी ते विसरणार नाही.

शरीराचं दुखणंही मनाच्या उपचारात धरा. हात मागे बांधून लटकवलेल्या माणसाचे खांदे, तळपायांवर मार खाल्लेल्याची चाल, हे वर्षानुवर्षं दुखतं आणि प्रत्येक कळ आठवण घेऊन येते. फिजिओथेरपीचा फायदा कधीकधी शंभर गप्पांहून जास्त होतो.

सांभाळणाऱ्यानं आठवड्यातून एक रात्र दुसऱ्यावर सोपवून झोपावं. स्वतःला तीच स्वप्नं पडायला लागली तर स्वतःही दाखवावं.

पेशीचा, म्हणजे कोर्टातल्या तारखेचा, दिवस

खटला उभा राहिला तर दोन-चार वर्षांनी, माणूस सावरत आलेला असताना, समन्स येईल. त्या कोर्टाच्या व्हरांड्यात मारणारा चार हातांच्या अंतरावर उभा असतो. आदल्या आठवड्यात एकदा रिकाम्या वेळी कोर्ट दाखवून आणा: दार कुठलं, साक्षीदार कुठे उभा राहतो, स्वच्छतागृह कुठे. वकिलांना सांगून उलटतपासणी कशी असते ते समजावून घ्या. ‘आठवत नाही’ हे खरं असेल तर ते उत्तर आहे, आणि न्यायाधीशांकडे पाणी मागता येतं, बसायची परवानगी मागता येते. छळ सोसलेल्याला तारखा-वेळा पुढेमागे आठवणं नेहमीचंच आहे. डोळ्यांवर पट्टी, झोप नाही, मग दिवस मोजणार कसे? हे वकिलांना आधी सांगितलं नाही तर समोरची बाजू त्यावरच खोटं ठरवते.

बरोबर एकच माणूस, आणि तो त्याच्या व आरोपीच्या मध्ये उभा राहणारा. पिशवीत पाणी, गूळ-चणे, चालू औषधं. बहुतेक वेळा साक्ष होतच नाही, तारीख पडते. पुढची तारीख डायरीत लिहा आणि तिच्या आधीचे चार दिवस घरात पाहुणे ठेवू नका.